चोरी लाखभर बिटकॉइनची, शिक्षा पाच वर्षांची, आणि बाहेर त्याच्याही आधी: हा हिशेब बसतो कसा?

२०२६ उजाडता उजाडता एक्सवर एक छोटी पोस्ट आली. लिहिणारा होता इल्या लिख्टेन्स्टाइन, बिटफिनेक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरल्याची कबुली देऊन अमेरिकेच्या तुरुंगात गेलेला हॅकर. 'ट्रम्प यांच्या फर्स्ट स्टेप ॲक्टमुळे', म्हणजे कैद्यांना शिक्षेत सूट देणाऱ्या २०१८ च्या कायद्यामुळे, आपली मुदतीआधी सुटका झाली, असं त्याने लिहिलं. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात काही चांगलं काम करण्याची इच्छाही वर बोलून दाखवली.

यावर लोक भडकले. आजच्या भावाने अब्जावधी डॉलरचा माल चोरणारा माणूस पाच वर्षं सुद्धा पुरी करत नाही? कुणी म्हणालं ट्रम्पनी माफ केलं, कुणी म्हणालं पैसे चारले असतील, आणि बऱ्याच जणांनी पॅरोल, माफी, जामीन हे सगळे शब्द एकाच पिशवीत कोंबले. खरं तर या प्रकरणात यातलं एकही घडलेलं नाही. जे घडलं ते बरंच कंटाळवाणं आहे, त्रैराशिकासारखं. पण ते समजल्याशिवाय राग नेमका कुणावर काढायचा हे कळत नाही.

आधी चोरी काय होती ते बघू

ऑगस्ट २०१६. हॅकर बिटफिनेक्सच्या यंत्रणेत शिरला आणि २,००० हून अधिक व्यवहार त्याने परस्पर मंजूर करून घेतले. सगळे बिटकॉइन त्याच्या ताब्यातल्या एका वॉलेटमध्ये गेले. त्या दिवशी त्यांची किंमत होती सुमारे ७ कोटी डॉलर.

इथे दोन शब्द समजून घेतले की पुढचं सोपं जातं. 'ब्लॉकचेन' म्हणजे सगळ्यांना दिसणारी, पण कुणालाही खाडाखोड करता न येणारी जमाखर्चाची वही. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती बिटकॉइन गेले ते तिच्यात कायमचं नोंदलेलं असतं. 'प्रायव्हेट की' म्हणजे त्या पत्त्यावरचे बिटकॉइन हलवण्याची गुप्त किल्ली. किल्ली ज्याच्या हाती, माल त्याचा.

म्हणजे चोराची पंचाईत बघा. माल त्याच्याकडे आहे, पण तो कुठे ठेवलाय हे अख्ख्या जगाला दिसतंय. फक्त हा पत्ता कुणाचा, एवढंच कळत नाही. त्याने एक बिटकॉइन हलवला तरी वहीत नोंद होते आणि पाळत ठेवून बसलेले लोक मागावर निघतात. म्हणून मग डार्कनेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागातल्या, बाजारातून पैसा फिरवायचा, एका चलनाचं दुसरं चलन करायचं, अनेकांचे बिटकॉइन एकत्र घुसळून परत देणाऱ्या 'मिक्सर' सेवा वापरायच्या, सोन्याची नाणी घ्यायची, दुकानांची गिफ्ट कार्डं घ्यायची. या उद्योगात त्याची बायको हेदर मॉर्गन सामील होती. ती 'रॅझलखान' या नावाने इंटरनेटवर रॅप गाण्यांचे व्हिडिओ टाकायची, त्यामुळे खटल्यापेक्षा तिच्या गाण्यांचीच चर्चा जास्त झाली.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं आपण म्हणतो. इथे उलटं झालं. साडेपाच वर्षांच्या खटपटीत शेपूट तेवढं बाहेर निघालं, हत्ती जागच्या जागी. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोघांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली तेव्हा ९४,००० हून अधिक बिटकॉइन मूळ वॉलेटमध्येच पडून होते. किल्ल्या सापडल्या क्लाउडवर साठवलेल्या एका फाइलमध्ये. फाइल कुलूपबंद होती, तपास अधिकाऱ्यांनी ती उघडली. जप्त मालाची तेव्हाची किंमत ३६० कोटी डॉलर.

मग शिक्षा फक्त पाच वर्षांची का?

माझ्या मते हा प्रश्न मुदतीआधीच्या सुटकेपेक्षा मोठा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आरोप. अटकेच्या वेळी सरकारने चोरीचा आरोप ठेवलाच नव्हता. आरोप होता मनी लाँडरिंगच्या कटाचा, म्हणजे गुन्ह्यातला पैसा धुऊन पांढरा करण्याचा. पैसा कुठून कुठे गेला हे वहीत दिसत होतं, तेवढं सिद्ध करता येत होतं. '२०१६ मध्ये आत शिरलेला हॅकर मीच' हे लिख्टेन्स्टाइनने स्वतः ऑगस्ट २०२३ मध्ये गुन्हा कबूल करताना सांगितलं. मनी लाँडरिंगच्या कटाला जास्तीत जास्त शिक्षा २० वर्षांची आहे. शिक्षेची कमाल मर्यादा तिथेच ठरली.

दुसरी गोष्ट, सहकार्य. अमेरिकेच्या फौजदारी व्यवस्थेत याला फार वजन आहे. आरोपीने दुसऱ्यांविरुद्धच्या तपासात भरीव मदत केली, तर सरकारी वकील स्वतः न्यायाधीशांकडे शिक्षा कमी करण्याची विनंती करतात. लिख्टेन्स्टाइनने मदत केली. बिटकॉइन फॉग नावाच्या मिक्सरच्या चालकावर खटला चालला, त्यात तो २०२४ च्या सुरुवातीला सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. आपण मिक्सर कसे वापरले हे त्याने न्यायालयात सांगितलं.

आता निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये, आठवडाभराच्या अंतराने, दोन शिक्षा झाल्या. गुन्हा नाकारून खटला लढलेल्या मिक्सर चालकाला १२ वर्षं ६ महिने. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या, आणि स्वतः लाखाहून अधिक बिटकॉइन चोरलेल्या लिख्टेन्स्टाइनला ५ वर्षं. ही पाच वर्षं सरकारी वकिलांनीच मागितली होती. मॉर्गनला १८ महिने मिळाले, आणि तीही नवऱ्याच्या आधीच बाहेर आली.

हे न्याय्य वाटतं का? मला पूर्णपणे नाही वाटत. पण सौदा खुला होता आणि न्यायाधीशांसमोर झाला. तुरुंगाच्या दारात गुपचूप काही घडलं नाही.

आता तुरुंगातलं घड्याळ

बातमीत 'मुदतीआधी सुटका' वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर पॅरोल आणि फर्लो येतात. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत पॅरोल हा प्रकारच उरलेला नाही. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो रद्द झाला. राज्यांच्या तुरुंगांचे नियम वेगळे आहेत, पण क्रिप्टो चोरीचे मोठे खटले बहुधा संघीय न्यायालयातच चालतात.

पॅरोल गेला, पण घड्याळ थोडं पुढे सरकवायच्या दोन कळा राहिल्या. शाळेची उपमा देतो. काही गुण हजेरीचे असतात आणि काही स्वाध्यायाचे. तसंच हे.

हजेरीचे गुण म्हणजे चांगल्या वागणुकीची सूट. शिस्तीत राहा, भांडणं करू नका, तर शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे ५४ दिवसांपर्यंत वजा होतात. ही सूट जुनीच आहे. फक्त आधी हिशेब असा मांडला जायचा की प्रत्यक्षात ४७ च्या आसपास दिवस पडायचे. फर्स्ट स्टेप ॲक्टने ते पुरते ५४ केले.

या सुटीला एक मजेशीर अट आहे. शिक्षा एक वर्षाहून अधिक असेल तरच ती मिळते. म्हणून अमेरिकेत 'एक वर्ष आणि एक दिवस' अशी चमत्कारिक शिक्षा सुनावलेली दिसते. तो वरचा एक दिवस कैद्यासाठी वरदान असतो, त्याच्या जोरावर महिना दीड महिना कमी होतो. सिल्क रोड या काळ्या बाजारातून २०१२ मध्ये ५०,००० हून अधिक बिटकॉइन उडवणाऱ्या जेम्स झाँगला २०२३ मध्ये नेमकी हीच शिक्षा झाली. त्याच्या घरी झडती घेतली तेव्हा बिटकॉइनच्या किल्ल्या असलेलं उपकरण न्हाणीघरातल्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यात सापडलं होतं.

स्वाध्यायाचे गुण हीच फर्स्ट स्टेप ॲक्टची खरी नवलाई. २१ डिसेंबर २०१८ रोजी ट्रम्प यांनी सही केलेला हा कायदा सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला, म्हणजे दोन्ही पक्षांचा होता. तुरुंगातले ठरावीक अभ्यासक्रम, व्यसनमुक्ती, कामधंद्याचं शिक्षण अशा कार्यक्रमांत नीट भाग घेतला, तर दर ३० दिवसांमागे १० दिवस खात्यात जमा होतात. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका 'कमी' किंवा 'किमान' असल्याचं लागोपाठच्या मोजणीत दिसलं, तर १० चे १५ होतात.

या जमा दिवसांचा उपयोग दोन प्रकारे होतो. जास्तीत जास्त १२ महिने शिक्षेतूनच कापले जातात, म्हणजे कैदी तेवढा आधी बाहेर पडून 'देखरेखीखालच्या मुक्ततेत' जातो. त्याहून जास्त दिवस जमले असतील तर तेवढा काळ तुरुंगाऐवजी निवारागृहात किंवा घरकैदेत काढता येतो. घरकैद म्हणजे सुटका नव्हे. माणूस कागदोपत्री अजून कैदीच असतो, त्याच्यावर पाळत असते आणि नियम मोडला की पुन्हा आत. लिख्टेन्स्टाइनच्या पोस्टनंतर अमेरिकी सरकारच्या एका अधिकाऱ्याने बातमीदारांना सांगितलं, की तो सध्या घरकैदेत आहे आणि हे सारं कायद्याप्रमाणेच झालंय. पोस्टमध्ये 'सुटलो' आणि सरकारकडून 'घरकैद', एवढ्या एका शब्दाच्या फरकावर अर्धी चर्चा भरकटली.

पाटीवर मांडून बघू

कच्चं गणित करायला अवघड नाही. शिक्षा ६० महिने. अटक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली आणि लिख्टेन्स्टाइन तेव्हापासून आतच होता, बायकोसारखा जामिनावर नव्हता. निकालाआधी आत काढलेला काळ शिक्षेत धरला जातो. म्हणजे एकही दिवस सूट नसती तर तो फेब्रुवारी २०२७ मध्ये बाहेर पडला असता.

पाच वर्षांच्या चांगल्या वागणुकीचे ५ गुणिले ५४, म्हणजे २७० दिवस. ते वजा केले की आपण मे २०२६ च्या मध्यावर येतो. इथपर्यंत फर्स्ट स्टेप ॲक्टचा नवा भाग आलेलाच नाही.

आता स्वाध्याय. यात एक मेख आहे. हे गुण शिक्षा सुरू झाल्यावरच मिळू लागतात, खटला चालू असताना कोठडीत काढलेल्या काळासाठी मिळत नाहीत. निकाल नोव्हेंबर २०२४ चा. तिथून २०२५ संपेपर्यंत ३०-३० दिवसांचे साधारण १३ टप्पे भरतात. दर टप्प्याला १० धरले तर १३० दिवस, १५ धरले तर १९५. मेच्या मध्यावरून १३० दिवस मागे मोजा. तुम्ही जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात येता.

कुणाचा फोन नाही, कुणाची चिठ्ठी नाही. एखाद्या खोट्या चेकच्या भानगडीत आत गेलेल्या, पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाचा हिशेबही अगदी असाच झाला असता.

पण ट्रम्पनी माफी दिली ना?

याला नाही. गोंधळ होण्याचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सिल्क रोडचा संस्थापक रॉस उलब्रिक्टला माफी दिली. तो जन्मठेप भोगत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजचे संस्थापक चँगपेंग झाओ यांना माफी मिळाली, त्यांची चार महिन्यांची शिक्षा तर आधीच भोगून झाली होती. या दोन्ही प्रकरणांत राष्ट्राध्यक्षांनी एका विशिष्ट माणसासाठी सही केली. राष्ट्राध्यक्ष बदलले असते तर कदाचित झाली नसती.

फर्स्ट स्टेप ॲक्टवरही ट्रम्प यांचीच सही आहे, पण ती २०१८ मधली आणि कायद्यावरची. कैद्याचं नाव न बघता तो लागू होतो. माफी हा राजाचा अधिकार, आणि ही सूट म्हणजे कारकुनाची बेरीज वजाबाकी. लिख्टेन्स्टाइनने पोस्टमध्ये ट्रम्प यांचं नाव घेतलं ते बहुधा मुत्सद्देगिरीने, त्याने संशयाला मात्र खतपाणी मिळालं.

इतका मोठा गुन्हा, आणि तरी कायद्याने त्याला 'कमी धोक्याचा' म्हणायचं?

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

तुरुंग खातं धोका मोजायला 'पॅटर्न' नावाचं साधन वापरतं. वय किती, आधी किती गुन्हे, हिंसा केली होती का, तुरुंगात शिस्त कशी, कोणते कार्यक्रम पूर्ण केले, अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज केली जाते. प्रश्न एवढाच असतो, की हा माणूस बाहेर पडल्यावर पुन्हा पकडला जाण्याची शक्यता किती? चोरी किती कोटींची होती हा प्रश्न त्या कोष्टकात नाहीच. तो न्यायाधीशांच्या टेबलावरचा प्रश्न होता, त्याचं उत्तर ६० महिने असं आलं आणि ती फाइल तिथे बंद झाली. तुरुंगाच्या दारावर तोच गुन्हा पुन्हा तोलायला कुणी बसलेलं नसतं. रोग किती भयंकर होता यावर दवाखान्यातून घरी सोडायची तारीख ठरत नाही, आता ताप आहे का ते बघतात. तसंच काहीसं.

ही पद्धत पांढरपेशा गुन्हेगाराला झुकतं माप देते, हे मान्य करायलाच हवं. शिकलेला, पहिलाच गुन्हा, मारामारी नाही, वर्गात बसायची सवय: गुणांची बेरीज आपोआप कमी येते. उलट गरिबीत वाढलेला, विशीच्या आतच दोनदा पकडला गेलेला माणूस त्याच कोष्टकात वर चढतो. शिवाय काही गुन्हे कायद्याने यादी करून बाहेरच ठेवलेत. दहशतवाद, लैंगिक अत्याचार, बरेच हिंसक गुन्हे, काही अमली पदार्थांचे गुन्हे यांना स्वाध्यायाचे दिवस मिळत नाहीत. देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश निघालेल्या परदेशी नागरिकाला ते वापरता येत नाहीत. मनी लाँडरिंग आणि फसवणूक या यादीत नाहीत. तिजोरीला हात घालणाऱ्याला सूट मिळते, पण बंदूक दाखवणाऱ्याला मिळेलच असं नाही. यादी करणाऱ्यांनी शरीराला झालेली इजा मोजली, बँक खात्याला झालेली नाही. यावर वाद घालायला पुष्कळ जागा आहे, आणि घालायचा तर तो या यादीवर घालावा.

शिवाय क्रिप्टो चोराचं हत्यार त्याच्या डोक्यात असतं. पिस्तूल जप्त करता येतं, कोडिंग येणं जप्त कसं करणार? 'पॅटर्न'मध्ये यासाठी रकाना नाही.

मोठ्या शिक्षेपुढे ही सूट किती टिकते तेही बघा. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकांचे पैसे लाटणाऱ्या सॅम बँकमन-फ्राइडला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षं झाली. चांगल्या वागणुकीचे त्याचे जास्तीत जास्त १,३५० दिवस होतात, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आत. स्वाध्यायाचं एक वर्ष वरून धरलं तरी २० वर्षं उरतात. कायदा तोच, कोष्टक तेच. फरक पडला तो न्यायालयात.

बाहेर येऊन दडवलेले पैसे उकरून काढेल, त्याचं काय?

जमिनीतल्या सोन्याबाबतीत ही भीती खरी ठरू शकते. मॉर्गनने घेतलेली काही सोन्याची नाणी खरोखरच पुरून ठेवली होती. बिटकॉइनचं तसं नसतं. चोरीचा प्रत्येक पत्ता वहीत खूण करून ठेवलाय, तिथून काही हललं की काही मिनिटांत बोभाटा होतो.

आणि मुख्य माल आता त्याच्याकडे नाही. जप्त बिटकॉइन बिटफिनेक्सला बिटकॉइनच्याच रूपात परत द्यावेत, असं जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ठरवलं. यात एक विचित्र गंमत आहे. हॅक झाल्यावर बिटफिनेक्सने तोटा सगळ्या ग्राहकांवर वाटून टाकला होता, प्रत्येकाच्या खात्यातून सुमारे ३६ टक्के कापले आणि बदल्यात टोकन, म्हणजे तेवढं देणं लागत असल्याच्या डिजिटल चिठ्ठ्या, दिले. एप्रिल २०१७ पर्यंत ते टोकन डॉलरच्या हिशेबाने फेडूनही झाले. त्यानंतर बिटकॉइन आकाशाला भिडला. म्हणजे ज्यांचे बिटकॉइन गेले त्यांना २०१६ च्या भावाने डॉलर मिळाले, आणि मूळ बिटकॉइन, आजच्या भावाचे, एक्स्चेंजच्या झोळीत. चोराने हत्तीला हात लावला नाही म्हणून हत्ती वाढत राहिला. ही वाढ नेमकी कुणाची, यावर तेव्हाच्या ग्राहकांनी चिडायला माझ्या मते हरकत नाही. चोर लवकर बाहेर आला यापेक्षा ते जास्त चिडण्यासारखं आहे.

बाहेर आला म्हणजे मोकळा झाला?

शिक्षेचा दुसरा भाग बातम्यांमध्ये हमखास गाळला जातो. पाच वर्षांच्या तुरुंगवासाबरोबर लिख्टेन्स्टाइनला तीन वर्षांची देखरेखीखालची मुक्तताही सुनावली आहे. ती घरकैद संपल्यावर सुरू होते, आणि तुरुंगात कमावलेल्या दिवसांनी ती कमी होत नाही. या काळात त्याला प्रोबेशन अधिकाऱ्याला वेळोवेळी भेटावं लागेल, कुठे राहतो आणि काय काम करतो ते सांगावं लागेल. अटी मोडल्या तर न्यायाधीश त्याला परत तुरुंगात पाठवू शकतात. सायबर सुरक्षेतल्या नोकरीचा पगार सुरू झाला, तर त्याची पहिली चौकशी करणारा माणूस हा प्रोबेशन अधिकारीच असेल.